जकातीचं भूत

शनिवार सकाळ. चहाचा दुसरा कप. बिल्ड रात्रीच तुटलंय पण ते सोमवारी बघू. आज जरा भांडायचं आहे.

२०२५ साली 'टॅरिफ' हा शब्द आपल्याकडे रिक्षावाल्यापासून ते सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला. त्यात काही वाईट नाही. पण त्याच्या पाठोपाठ एक जुनी पुडी पुन्हा सुटली. आमच्या घरच्या ग्रुपवर एका काकांनी टाकली, मग ऑफिसच्या कँटीनमधे एकाने मला तीच ऐकवली: "अरे, अमेरिकेतलं यादवी युद्धसुद्धा टॅरिफवरूनच झालं होतं. गुलामगिरी वगैरे नंतर चिकटवलेलं आहे. लिंकनला काय पडलं होतं काळ्यांचं! सगळा पैशाचा खेळ." आणि मग ते ठेवणीतलं हसू... जगाचं गुपित आपल्यालाच कळल्याचं.

मला हे हसू चांगलं ओळखीचं आहे. कारण पाच वर्षं मी स्वतः ते हसत होतो. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कुठल्याशा इंग्रजी पानावर ही थिअरी वाचली आणि भारी वाटली. पाठ्यपुस्तकात एक सांगतात आणि 'खरं' काहीतरी वेगळंच असतं, हे ऐकायला विशीतल्या पोराला आवडतंच. ती थिअरी किती ठिकाणी फेकली त्याचा हिशोब नाही. एकदा मात्र चुकीच्या माणसासमोर फेकली. ते पुढे सांगतो.

आधी प्रामाणिकपणे त्या बाजूचं जे खरं आहे ते मांडू या. नाहीतर म्हणाल, एकतर्फी लिहिलंय.

१८६० च्या आधीच्या अमेरिकेत इन्कमटॅक्स नव्हता. केंद्र सरकारच्या तिजोरीत येणाऱ्या पैशातला जवळजवळ नऊ-दशांश भाग आयात जकातीचा. उत्तरेत कारखाने, त्यांना इंग्लंडच्या स्वस्त मालापासून संरक्षण हवं, म्हणून चढी जकात हवी. दक्षिणेत कापूस, तो जायचा लिव्हरपूलला. सगळ्या देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा. दक्षिणेच्या मळेवाल्याला विकायचं होतं जगाच्या बाजारात आणि विकत घ्यायचं होतं जकातीने महाग झालेलं. त्याचा संताप खोटा नव्हता. साउथ कॅरोलायनाचा जॉर्ज मॅकडफी तर सांगत फिरायचा की शंभर गासड्यांतल्या चाळीस उत्तरवाले जकातीच्या रूपाने पळवतात. हे गणित जसंच्या तसं बरोबर नाही. पण आयातीवरच्या जकातीचा बोजा शेवटी निर्यात करणाऱ्याच्याही अंगावर येतो, हे अर्थशास्त्रात आजही मान्य आहे. तेव्हा मॅकडफी अगदीच येडा नव्हता.

आणि भांडण झालंसुद्धा. १८२८ साली इतकी चढी जकात बसली की दक्षिणेने तिला 'किळसवाणी जकात' असंच नाव दिलं. करपात्र मालावर सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास! १८३२ च्या नोव्हेंबरमधे साउथ कॅरोलायनाने जाहीर केलं की हा कायदा आमच्या राज्यात रद्द. प्रेसिडेंट होता अँड्र्यू जॅक्सन, स्वतः टेनेसीचा, स्वतः गुलामांचा मालक. त्याने दम भरला, सैन्य वापरायची परवानगी काँग्रेसकडून घेतली. दुसरीकडे क्ले आणि कॅलहून यांनी मिळून १८३३ साली तडजोड केली: जकात दहा वर्षांत हळूहळू वीस टक्क्यांवर आणायची. बाकीचं एकही दक्षिणी राज्य साउथ कॅरोलायनाच्या मागे उभं राहिलं नाही. झालं. मिटलं.

आता इथे थांबा आणि विचार करा. साठ टक्के जकात असताना युद्ध झालं नाही. १८४२ ला जकात पुन्हा वाढली, तेव्हाही नाही. १८४६ ला उतरली. १८५७ ला अजून उतरली, इतकी की १८१६ नंतर एवढी खाली कधी गेली नव्हती. १८६० साली करपात्र मालावरची सरासरी वीस टक्क्यांच्या आत होती. म्हणजे साठला शांतता आणि वीसच्या आत असताना यादवी?! प्रॉडक्शनमधला सर्व्हर ९५ टक्के लोडवर व्यवस्थित चालला आणि ३० टक्क्यांवर पडला, तर लोडला दोष देणाऱ्या पोराला मी तरी टीममधे ठेवणार नाही.

"अहो पण मॉरिल टॅरिफ!" हं. आलंच ते. या थिअरीचं हुकमी पान. १८६१ साली मॉरिल टॅरिफने जकात पुन्हा वाढवली, लोखंडावर तर चांगलीच, पेनसिल्वेनियाच्या भट्टीवाल्यांना खूष करायला. सगळं खरं. फक्त लॉग उघडून टाइमस्टँप बघा राव.

साउथ कॅरोलायना फुटून निघालं २० डिसेंबर १८६० ला. मिसिसिपी ९ जानेवारीला, फ्लोरिडा १० ला, अलाबामा ११ ला, जॉर्जिया १९ ला, लुइझियाना २६ ला, टेक्सस १ फेब्रुवारीला. सात राज्यं गेली. मॉरिलचं बिल सिनेटमधे पास झालं २० फेब्रुवारीला, सही झाली २ मार्चला. सहीसुद्धा लिंकनची नाही हं. ब्युकॅनन नावाच्या डेमोक्रॅट प्रेसिडेंटची. बग आधी रिपोर्ट झाला आणि त्याला 'कारणीभूत' कोड दोन महिन्यांनी कमिट झाला. आता बोला!

एवढंच नाही. ते बिल हाउसमधून १८६० च्या मे महिन्यातच पास झालं होतं आणि सिनेटमधे अडकून पडलं होतं, कारण व्हर्जिनियाच्या हंटरने ते दाबून ठेवलं होतं. पास झालं ते २५ विरुद्ध १४ मतांनी. तोपर्यंत फुटलेल्या सहा राज्यांचे १२ सिनेटर सामान आवरून घरी गेले होते. ते जागेवर असते आणि सगळ्यांनी विरोधात मत दिलं असतं तर २५ विरुद्ध २६. बिल पडलं असतं! म्हणजे जकात वाढली म्हणून ते निघून गेले नाहीत; ते निघून गेले म्हणून जकात वाढली. (त्यातले लुइझियानाचे दोघे विरोधात गेले असतेच असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. तिथल्या साखरवाल्यांना संरक्षक जकात हवीच असायची. 'दक्षिण विरुद्ध जकात' ही रेघसुद्धा इतकी सरळ नव्हती.)

व्हर्जिनियाची गंमत तर अजूनच. तिथे फुटायचं की नाही यावर अधिवेशन चालू होतं. मॉरिल टॅरिफवर सही होऊन महिना उलटला होता. ४ एप्रिलला फुटण्याचा ठराव मतदानाला आला आणि मोठ्या फरकाने पडला. मग १२ एप्रिलला फोर्ट सम्टरवर तोफा सुटल्या, लिंकनने ७५,००० सैनिक मागवले, आणि १७ तारखेला तेच अधिवेशन फुटलं. जकात त्यांनी महिनाभर पचवली होती.

बरं, वेळापत्रक सोडा. माणसं काय म्हणत होती ते बघू. फुटताना चार राज्यांनी आपली कारणं चक्क लेखी दिली आहेत. मी ती वाचली आहेत. एका रविवारचं काम आहे, कुणीही वाचावीत. साउथ कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यात मुख्य तक्रार ही की उत्तरेकडची राज्यं आमचे पळालेले गुलाम परत देत नाहीत, आणि आता गुलामगिरीचा विरोधक प्रेसिडेंट निवडून आलाय. जकातीचं नाव नाही! (राज्यांच्या हक्कांसाठी लढले म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. तक्रार अशी आहे की उत्तरेची राज्यं आपापले हक्क फार वापरतात.) मिसिसिपी तर दुसऱ्याच वाक्यात सांगून मोकळं होतं की आमची बाजू म्हणजे गुलामगिरीची बाजू, आणि ती जगातली सगळ्यात मोठी मालमत्ता आहे. जॉर्जियाच्या जाहीरनाम्यात जकातीचा इतिहास येतो खरा. पण कसा? तर उत्तरेच्या कारखानदारांनी संरक्षण मागितलं, आम्ही लढलो आणि १८४६ ला जिंकलो, असा. जिंकलेल्या केसवरून कोण घर सोडतं?

एक अपवाद नोंदवतो. साउथ कॅरोलायनाच्याच ऱ्हेटने त्याच आठवड्यात इतर गुलामधारक राज्यांना उद्देशून एक आवाहन लिहिलं, त्यात करांची भरपूर रडगाणी आहेत. आणि जॉर्जियाच्या टूम्ब्सनेही नोव्हेंबर १८६० मधे विधिमंडळापुढे जकातीवर आग ओकली. पण दुसऱ्याच दिवशी, १४ नोव्हेंबरला, त्याला उत्तर कुणी दिलं? अलेक्झांडर स्टीफन्सने. तो म्हणाला, जकातीचा वाद आता उरलाच कुठे. सध्याच्या जकातीला मॅसॅच्युसेट्सने आणि साउथ कॅरोलायनाने, दोघांनी मत दिलंय. हाच स्टीफन्स तीन महिन्यांनी फुटीर राज्यांचा व्हाइस प्रेसिडेंट झाला आणि २१ मार्च १८६१ ला सवानामधे भर सभेत म्हणाला की आमच्या नव्या सरकारच्या पायाचा दगड म्हणजे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे सत्य. युद्ध हरल्यावर याच गृहस्थाने दोन जाडजूड खंड लिहिले आणि त्यात मुद्दा काय, तर भांडण राज्यघटनेच्या तत्त्वाचं होतं! आधी स्वतःच्या तोंडाने पायाचा दगड दाखवायचा आणि घर पडल्यावर म्हणायचं की पाया वेगळाच होता. नंतर आलेल्या पिढ्यांनी त्या दुसऱ्या आवृत्तीलाच 'दडवलेला इतिहास' म्हणून विकलं.

तडजोडीसाठी काय मांडलं गेलं तेही बघा. भांडण कशावरून आहे हे तडजोडीच्या मसुद्यावरून कळतं; आपल्याकडे शेताच्या बांधावरून भांडण असेल तर मध्यस्थ बांधावरच बोलतो, म्हशीवर नाही. डिसेंबर १८६० मधे क्रिटेंडनने सहा घटनादुरुस्त्या सुचवल्या. सहाच्या सहा गुलामगिरीवर. जकातीवर शून्य. आणि मला सगळ्यात बोलकी वाटते ती २ मार्च १८६१ ही तारीख. त्याच दिवशी मॉरिल टॅरिफवर सही झाली आणि त्याच दिवशी सिनेटने कॉर्विनची घटनादुरुस्ती पास केली: राज्यांतल्या गुलामगिरीला केंद्र सरकार कधीही हात लावणार नाही. म्हणजे उत्तरवाले फुटलेल्यांना परत बोलवायला एका हाताने गुलामगिरीची हमी देत होते आणि दुसऱ्या हाताने जकात वाढवत होते. भांडण जकातीचं आहे असं वाटलं असतं तर एवढा मूर्खपणा कुणी केला असता का?

आता आकडे. आपण इंजिनियर, आकड्याशिवाय जेवण पचत नाही. १८६० च्या जनगणनेत गुलाम माणसं होती ३९,५३,७६०. त्यांची बाजारातली 'किंमत' इतिहासकार साधारण तीनशे कोटी डॉलर धरतात. (हे वाक्य टाइप करताना बोटं अडखळतात, पण ते लोक असाच हिशोब करत होते.) त्या वर्षी सगळ्या देशाची मिळून जकात जमा झाली सुमारे ५.३ कोटी डॉलर, आणि त्यातली निम्म्याहून कितीतरी जास्त एकट्या न्यू यॉर्क बंदरात. तीनशे भागिले ५.३. सगळ्या देशाची छप्पन-सत्तावन्न वर्षांची जकात एका बाजूला ठेवली तेव्हा कुठे दुसऱ्या बाजूच्या मालमत्तेची बरोबरी होते. 'सगळा पैशाचा खेळ' म्हणता ना? मान्य. पण मग मोठा पैसा कुठे होता तो तरी बघा! गुलामगिरी आणि पैसा ही दोन वेगळी कारणं नव्हतीच. माणूस हाच पैसा होता.

ही पुडी परदेशात पहिल्यांदा चालली ती इंग्लंडात, त्याच वर्षी. मॉरिलच्या जकातीने खरा मार बसला होता इंग्रज कारखानदारांना, आणि दक्षिणेच्या वकिलांनी हे बरोबर हेरलं. गुलामगिरीसाठी लढतोय म्हटलं तर लंडनमधे कुणी दारात उभं करणार नाही. खुल्या व्यापारासाठी म्हटलं की खुर्ची मिळते. त्या वेळी हा डाव लेखी उघडा पाडणारे दोघे कोण? कार्ल मार्क्स आणि जॉन स्टुअर्ट मिल! मार्क्सने ऑक्टोबर १८६१ मधे व्हिएन्नाच्या पेपरात हाच तारखांचा मुद्दा मांडला, मिलने १८६२ च्या सुरुवातीला लेख लिहिला. ज्या प्रश्नावर हे दोघे एकमताने बोलतात तिथे कँटीनमधल्या थिअरीने जरा दम खावा :)

आणि उत्तरेला मी देव्हाऱ्यात बसवत नाहीये. लिंकन सुरवातीला देश एकसंध ठेवायला लढला, गुलाम मुक्त करायला नाही. तो जाहीरनामा आला १ जानेवारी १८६३ ला. पण 'उत्तर का लढली' आणि 'दक्षिण का फुटली' हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवायचं, ही या थिअरीची नेहमीची हातचलाखी.

आपल्याला ही थिअरी इतकी पटकन का पटते? मला वाटतं त्याला आपलं कारण आहे. आपण दादाभाई नौरोजी वाचलेले, स्वदेशीच्या होळ्या ऐकलेले. इंग्रजांनी १८९६ साली मँचेस्टरच्या कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि तेवढाच कर मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर लादला, म्हणजे हिशोब बरोबर! अशा अनुभवातून आलेल्या माणसाला 'जकातीने पिळलेला शेतकरी प्रदेश बंड करून उठला' ही गोष्ट घरची वाटते. फक्त त्या गोष्टीतला शेतकरी मळ्यात राबत नव्हता, तो व्हरांड्यात बसला होता. राबणारा दुसराच होता आणि बंड त्याच्या सुटकेच्या भीतीने झालं होतं.

तर ते चुकीच्या माणसाचं. दोन वर्षांपूर्वी ऑनसाइट होतो, नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला. क्लायंटच्या टेस्टिंग टीममधे एक काळा सीनियर होता, माझ्या वडिलांच्या वयाचा. जेवताना विषय निघाला आणि मी माझी कॅसेट लावली: टॅरिफ, मॉरिल, सगळा पैशाचा खेळ. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "इंटरेस्टिंग." बस्स. सोमवारी माझ्या डेस्कवर एक प्रिंटआउट आणून ठेवला. १८६० च्या जनगणनेतलं एक पान, गुलामांचं वेगळं रजिस्टर असायचं त्यातलं. वर मालकाचं नाव. खाली रांगेने वय, लिंग, रंग. नावं नाहीत. एकाचंही नाही. एका ओळीवर पेन्सिलने बारीक टिंब केलेलं: पुरुष, १२, काळा. "वय जुळतं, गाव जुळतं. बहुतेक हाच आमचा," तो म्हणाला. "नावाचा कॉलमच नाहीये ना, त्यामुळे खात्री नाही." जकातीबद्दल एक अक्षर बोलला नाही. मी 'सॉरी' म्हणालो ते कसं ऐकू आलं असेल कुणास ठाऊक. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

आणि परत आल्यावर आमच्याच घरात नवीन काहीतरी ऐकू यायला लागलं. गावच्या वाड्यातल्या विहिरीवर खालच्या आळीला पाणी भरू देत नव्हते, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. कारण सांगतात, "पाणीच कमी होतं रे तेव्हा." आजोबांनी हेच सांगितलं, काकांनी हेच, आणि मीही मित्रांना हेच सांगितलं होतं. गेल्या दिवाळीत मी विचारलं, की पाणी कमी होतं तर वरच्या आळीला रेशनिंग होतं का? काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. ग्रुपवर टॅरिफची पुडी टाकणारे काका हेच.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी गुलामांना सोडवलं त्यांना अर्पण केलं. पुण्यात बसून, तारायंत्राच्या काळात, त्या माणसाला समुद्रापलीकडचं युद्ध कशावरून झालं ते बरोबर कळलं होतं. आपल्याकडे फायबर आहे.

असो. यातला जकातीपेक्षा मजेदार धागा कापसाचा आहे: दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लिव्हरपूलला आपला खानदेश-वऱ्हाड आठवला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ साली युद्ध संपताच शेअरबाजार आपटला. प्रेमचंद रायचंद हा माणूस मात्र एका परिच्छेदात मावत नाही. पुढच्या वीकेंडला, बिल्डने परवानगी दिली तर.